रिकाम्या खाटेची चादर

९ एप्रिल

प्रिय ताई,

दोन्ही मागण्या मंजूर झाल्या. काल संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी, आवाजी मतदानानं. वर्तमानपत्रात छापून आल्याशिवाय तू काही खरं मानत नाहीस, पण वर्तमानपत्रं छापतील तेव्हा छापतील, मी ते आज सकाळी सचिवांच्या सहीनिशी पाहिलं आहे. तेव्हा वर्तमानपत्राची वाट न पाहता आनंदी व्हायला हरकत नाही.

पहिली मागणी तुझी. नर्सिंग शाळेचं आता महाविद्यालय होणार. पदविकेचा वर्ग या वर्षापासून बंद आणि त्याच मुली सरळ पदवीला. वर्गखोल्या, प्रयोगशाळा, वसतिगृहाला गरम पाणी, सगळं त्यात आहे. अट नेहमीचीच आहे, संलग्न रुग्णालयात किमान शंभर खाटा हव्यात. तुमच्याकडे एकशे बारा आहेत, म्हणजे तिकडून काळजी नाही. नर्सिंग परिषदेची समिती जुलैत तपासणीला येईल.

दुसरी मागणी सरोवराच्या पर्यटन विकासाची. बोटी, धक्का, राहण्याची सोय वगैरे.

आता एक कबुली. परवा आपले आमदार आमच्या प्रतिवेदकांच्या खोलीत आले होते. त्यांच्या आधीच्या भाषणाची नक्कल तपासायला आले आणि माझ्यासमोर बसले. म्हणाले, "तुम्ही आमच्याच गावचे ना? तुमच्या बहिणीच्या शाळेवर बोलायचंय उद्या. आकडे आहेत माझ्याकडे, पण आकड्यांनी कोणी जागं राहत नाही. काहीतरी डोळ्यांसमोर उभं राहील असं सांगा." मी तुझ्या मार्चच्या पत्रातलं वाक्य सांगितलं. तेच, व्हरांडा वॉर्डाबद्दलचं. "सध्या चाळीस खाटा, चाळीस ताणलेल्या चादरी आणि एकही माणूस नाही. तरी पहिल्या वर्षाच्या मुली रोज सकाळी चाळीसही चादरी बदलतात, कारण रिकाम्या खाटेवर हात बसला तरच भरल्या खाटेवर तो हलका पडतो."

ताई, सभागृह शांत झालं. सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांची बोलणी लघुलिपीत उतरवतो आहे. आपल्या घरातलं वाक्य त्या छताखाली पहिल्यांदा ऐकलं. पेन्सिलीचं टोक मोडलं माझं.

तुझा,
धाकट्या

१४ एप्रिल

प्रिय धाकट्या,

माझी पत्रं सभागृहात वाचून दाखवायला लागलास, तर यापुढे तुला फक्त हवामान कळवीन. बरं झालं त्याच पत्रातलं तुझ्या मेव्हण्यांच्या घोरण्याबद्दलचं वाक्य नाही सांगितलंस.

रागावले होते. मग वर्गात गेले आणि मुलींना सांगितलं. एकोणीस मुली एकदम ओरडल्या. पलीकडच्या वॉर्डातून थोरले डॉक्टर धावत आले, त्यांना वाटलं कोणी पडलं. त्यांना सांगितल्यावर त्यांनी टोपी काढून मला नमस्कार केला. बावीस वर्षं आम्ही एका इस्पितळात आहोत, त्यांनी टोपी काढलेली मी पहिल्यांदा पाहिली. डोक्यावर काहीच उरलेलं नाही रे.

तुला मी शिट्टीबद्दल लिहिलं होतं का? आमच्या पहिल्या वर्षात आहे. सातव्या वर्षी छातीच्या दुखण्यानं व्हरांडा वॉर्डात आली होती, पाच नंबरच्या खाटेवर. श्वास घेताना आवाज यायचा, म्हणून हे नाव. आता बरी आहे, धावली की अजून वाजते. खाणीवर दगड फोडणाऱ्या घरातली. तिच्या घरात दहावी ओलांडलेली ती पहिली. तिनं विचारलं, "मॅडम, पदवी म्हणजे माझ्या नावापुढे काही लागणार का?" मी म्हटलं, लागणार. ती म्हणाली, "मग शिट्टी म्हणायचं बंद करावं लागेल सगळ्यांना." मी म्हटलं, ते काही जमणार नाही.

काल दोन माणसं फीत घेऊन आली होती. व्हरांडा वॉर्ड मोजला. लांबी, रुंदी, खिडक्यांची उंची, सरोवराकडच्या कठड्याची उंचीसुद्धा. इतक्या लवकर काम सुरू होईल असं वाटलं नव्हतं. प्रात्यक्षिकाची खोली तिथेच काढणार असतील, तर मोरी पूर्वेच्या टोकाला हवी, हे मी त्यांना सांगून ठेवलं. ऐकून घेतलं त्यांनी. लिहून मात्र घेतलं नाही.

भाषणाची छापील प्रत पाठव. पूर्ण पाठव. शाळेच्या फळ्यावर लावायची आहे.

ताई

२२ एप्रिल

प्रिय ताई,

सोबत छापील कार्यवृत्ताची पानं पाठवतो आहे. फळ्यावर लावायला मागणी मंजूर झाल्याचं शेवटचं पान पुरे होईल, त्यावर ठराव आहे.

मोजायला आलेली माणसं कोणत्या खात्याची होती, ते विचारलंस का? सरकारी माणूस फीत घेऊन कुठेही फिरतो, त्याचा अर्थ काढत बसू नये. तरी विचारून ठेव.

आणखी एक, सहज. व्हरांडा वॉर्ड थंडीत किती भरतो? म्हणजे साधारण. मी येतो तेव्हा तो रिकामाच पाहिलाय.

अधिवेशन संपलं. हात दुखतो आहे. डॉक्टर म्हणतात, लिहिणं कमी करा. मी म्हटलं, लोकांना बोलणं कमी करायला सांगा.

मेव्हण्यांना नमस्कार.

धाकट्या

३० एप्रिल

प्रिय धाकट्या,

तू गेली अकरा वर्षं उन्हाळ्यातच येतोस. सरोवर तेव्हाच छान दिसतं ना! म्हणून तुला वॉर्ड रिकामा दिसतो.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारी संपेपर्यंत तिथे छत्तीसच्या खाली आकडा जात नाही. गेल्या जानेवारीत चाळीस खाटांवर त्रेचाळीस माणसं होती, तीन जण व्हीलचेअरवर झोपले. खाणीतली धूळ वर्षभर छातीत बसते आणि थंडी पडली की हिशोब मागते. वरच्या वस्त्यांतून माणसं पाठीवर बसवून आणतात. चौदा नंबरच्या खाटेवर आमचे पोस्टमास्तर गेली नऊ वर्षं दर थंडीला येतात, निवृत्त आहेत, मुलींना पाकिटावर पत्ता नीट कसा लिहावा ते शिकवतात. हे सगळं तुला माहीत असेल असं मी धरून चालले होते. मार्चमध्ये "सध्या" असं मी लिहिलं होतं.

आता तू सांग. पानांचे आकडे दोनशे बारावरून एकदम दोनशे एकोणीस. मी रोज एकोणीस मुलींची हजेरी घेते, धाकट्या. सहा पानं गैरहजर आहेत. कुठे आहेत?

कारण काल आदेश आला. थोरल्या डॉक्टरांनी मला खोलीत बोलावून, बसायला सांगून दाखवला. व्हरांडा वॉर्ड १५ जूनला पर्यटन महामंडळाच्या ताब्यात द्यायचा. "सरोवरदर्शनी निवासासाठी." एकशे बारातून चाळीस गेले की बहात्तर राहतात. बहात्तर खाटांवर पदवी नाही, आणि पदविकेचा वर्ग तर तुमच्या सभागृहानं आधीच बंद केलाय. म्हणजे एकोणीस मुली ना इकडच्या ना तिकडच्या. मी डॉक्टरांना म्हटलं, दोन्ही मागण्या एकाच दिवशी, एकाच आमदाराच्या तोंडून मंजूर झाल्या, मग एकीनं दुसरीचा गळा धरलाय हे कोणालाच कसं दिसलं नाही? डॉक्टर म्हणाले, "निघेल काहीतरी मार्ग." हे ते प्रेताजवळच्या नातेवाइकांनाही म्हणतात.

लगेच उत्तर दे.

ताई

१९ मे

धाकट्या,

तुझं उत्तर आलं नाही. पानं मात्र आली.

आमदारांनी आपल्या भाषणांची पुस्तिका छापली आहे. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर ते आणि मागे सरोवर. त्यांचा कार्यकर्ता इस्पितळात वाटून गेला, बाह्यरुग्ण विभागात प्रत्येक बाकावर एक. रांगेतले लोक तिनं वारा घेत होते. मी एक उचलली.

नर्सिंगचं भाषण आहे. माझं वाक्य आहे. छान वाटलं वाचताना, खोटं कशाला बोलू! मग तीन पानं उलटली. पर्यटनाचं भाषण. उतरवून पाठवते, तू विसरला असशील तर.

"अध्यक्ष महोदय, मघाशीच मी सांगितलं, तिथे चाळीस खाटा आहेत, चाळीस ताणलेल्या चादरी आहेत आणि एकही माणूस नाही. सरोवराकाठची सगळ्यात सुंदर जागा, समोर पाणी, मागे डोंगर आणि तिथे कोण झोपतं? वारा झोपतो. ही जागा पाहुण्यांना का मिळू नये?"

(हशा. बाके वाजवण्यात आली.)

कंसातलं तर तूच लिहितोस ना? ते तुमचंच काम असतं, तूच सांगितलं होतंस मला. कोण हसलं, कोणी बाक वाजवलं.

एवढंच सांग, ते पान तुझ्या हातचं आहे का?

ताई

२३ मे

प्रिय ताई,

हो. माझ्याच हातचं.

आम्ही दहा-दहा मिनिटांच्या पाळीनं टेबलाशी बसतो, हे तुला माहीत आहे. नर्सिंगच्या मागणीला मी बसलो होतो. पाळी संपली, पण माझ्यानंतरच्या बाईंना खोकला लागला होता, त्या म्हणाल्या आणखी एक पाळी घ्याल का? मी खुशीनं घेतली. त्या दिवशी मी रात्रीपर्यंत बसलो असतो.

मग ते वाक्य पुन्हा आलं. लघुलिपीत हात डोक्याच्या पुढे असतो. हातानं सगळं लिहून टाकलं आणि मग डोक्याला कळलं. बाकं वाजली. मी कंसात लिहिलं, बाके वाजवण्यात आली. आमदार बसताना माझ्याकडे बघून हसले, जसं एखाद्याला आभार म्हणावेत तसं.

वॉर्ड थंडीत भरतो हे मला माहीत नव्हतं, हे खरं आहे. मला शंका आली, हेही खरं आहे. छापण्याआधी भाषणाचा मसुदा वक्त्याकडे तपासायला जातो, तीन दिवसांची मुदत असते. तो मसुदा त्यांच्याकडे मी स्वतः घेऊन गेलो. मनाशी ठरवून गेलो होतो की विचारायचं, साहेब, तो वॉर्ड बाराही महिने रिकामा असतो का, खात्री केलीत का? त्यांच्या खोलीत आठ माणसं होती, सगळी त्यांच्या भाषणाचं कौतुक करत होती. त्यांनी मला बसवलं, सगळ्यांना सांगितलं, "हे आमचे गाववाले. ते वाक्य यांचंच." मी तेव्हा त्यांना काय विचारलं ठाऊक आहे? एका स्वल्पविरामाबद्दल विचारलं.

तुला थंडीचा आकडा विचारला तेव्हा कार्यवृत्त छापून झालं होतं. पानं मी काढली. तू फळ्यावर लावशील आणि मुली वाचतील, हे डोळ्यांसमोर आलं. माफी मागायला मला तोंड नाही, आणि तू देणार नाहीस हेही मला ठाऊक आहे. काय करू ते सांग.

धाकट्या

८ जून

धाकट्या,

माफीचं नंतर बघू. ती कुठे पळून जात नाही.

वॉर्ड रिकामा करतो आहोत. खाटा बाहेर काढल्या तेव्हा फरशीवर प्रत्येक खाटेखाली चार चार गोल डाग निघाले. शिट्टीनं ते घासले. म्हटलं, अगं राहू दे, आता ते त्यांचं आहे. म्हणाली, "मॅडम, पाच नंबरचे डाग माझे आहेत." रंगारी लागले आहेत. पोस्टमास्तर बघायला आले होते, काठी टेकत. चौदा नंबरच्या जागी खुर्ची घेऊन बसले. रंगारी म्हणाला, आजोबा, उठा, इथे पाहुणे राहणार आहेत. पोस्टमास्तर म्हणाले, "मग बरोबर आहे. माझं आरक्षण नोव्हेंबरचं आहे." रंगारी हसला. मी नाही हसले. नोव्हेंबरात त्यांना कुठे ठेवायचं, हे मी लेखी विचारलं होतं. उत्तर आलं की मोठ्या शहराच्या इस्पितळात पाठवा. चार तासांचा रस्ता आहे, अर्ध्या वाटेत प्राणवायू संपतो.

आता खरी गोष्ट. थोरल्या डॉक्टरांना मार्ग सापडला आहे. काढलेल्या चाळीस खाटांपैकी अठ्ठावीस शाळेच्या सभागृहात मांडायच्या. बहात्तर आणि अठ्ठावीस, शंभर. पण जुन्या वॉर्डाची खाट समिती वर्षभराच्या नोंदवहीवर मोजते, नव्या खाटेला नोंदवही नसते. तिच्यावर त्या दिवशी माणूस हवा आणि माणसाचा केसपेपर हवा. म्हणून तपासणीच्या दिवशी एकोणीस मुली आणि स्वयंपाकघरातल्या नऊ बाया तिथे रुग्ण म्हणून झोपणार. केसपेपर डॉक्टर लिहून देतील. रोज तपासल्याची सही माझी लागेल. अठ्ठावीस सह्या.

मुली तयार आहेत. तयार कसल्या, त्यांनी आजार वाटूनही घेतले आहेत. एकीला अपेंडिक्स हवं होतं, ते दुसरीनं आधीच घेतलं, त्यावरून भांडण झालं. शिट्टीला सोंग करावं लागणार नाही, असं सगळ्या म्हणतात.

मी अजून हो म्हटलेलं नाही. तू काय करू विचारलंस. सभागृहातलं वाक्य सभागृहातच खोडता येतं का, ते बघ. त्यांच्याकडे थंडीचा आकडा नव्हता. मी पाच वर्षांचे आकडे सोबत पाठवते आहे. महिन्यावार आहेत, मी स्वतः उतरवले आहेत.

ताई

२७ जून

प्रिय ताई,

तुझे आकडे सभागृहाच्या पटलावर आले आहेत. तारांकित प्रश्न म्हणून दाखल झाला, स्वीकारला गेला, पावसाळी अधिवेशनात १७ जुलैला उत्तर आहे. प्रश्न विरोधी बाजूच्या एका बाईंनी विचारला आहे, आधी त्या शिक्षिका होत्या. मी त्यांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. मसुदा लिहून दिला.

प्रतिवेदकानं हे करायचं नसतं. आम्ही कोणाचेच नसतो, याच अटीवर आम्हाला टेबलाशी बसू देतात. बाईंनी मसुदा पुन्हा न लिहिता तसाच दिला आणि माझं अक्षर सव्वीस वर्षं सगळी कचेरी ओळखते. सचिवांनी बोलावलं. ओरडले नाहीत. म्हणाले, "तुमच्याकडून हे अपेक्षित नव्हतं," आणि पाणी पुढे केलं. सोमवारपासून मी सूची विभागात आहे, तळघरात. छापून झालेल्या भाषणांची विषयवार कार्डं करतो. पहिलं काम एप्रिलच्या अधिवेशनाचंच आलं. पान दोनशे पंधरा. "पर्यटन" खाली एक कार्ड केलं. "नर्सिंग शिक्षण" खाली दुसरं. दोन्ही कार्डं एकमेकांपासून दीड हात लांबच्या खणांत जातात.

हे तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. हात बरा आहे, खाली लिहिणं कमी असतं.

पण १७ जुलै तुमच्या तपासणीनंतर येते. मी तारीख अलीकडे ओढता येईल का पाहिलं. नाही येत. आणि उत्तर आलं तरी काय येईल, हे तुझ्यापेक्षा मला जास्त माहीत आहे. म्हणून ऐक. ताई, त्या सह्या कर. एकोणीस मुलींचा प्रश्न आहे. सगळं राज्य कागदावर चाललेलं मी सव्वीस वर्षं पाहिलं आहे, आणखी अठ्ठावीस कागदांनी काही बुडत नाही. तू आयुष्यभर खरे आकडे लिहिलेस. या एका सकाळी मोजू नकोस.

धाकट्या

१० जुलै

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र आठवडाभर एप्रनच्या खिशात होतं. धुवायला गेलं, परत आलं, अजून वाचता येतं.

तळघराचं वाचून वाईट वाटलं. तू नको म्हणालास तरी वाटलं. माफीचं नंतर बघू म्हटलं होतं, ते आता बघून झालं आहे, असं समज. त्यावर परत लिहू नकोस.

परवा मी सह्या करायला बसले होते. खरंच बसले होते. अठ्ठावीस केसपेपर समोर होते, डॉक्टरांचं अक्षर, पेन उघडलेलं. पहिला कागद शिट्टीचा होता. दुखणं, श्वसनाचा त्रास. नाडी, अठ्ठ्याऐंशी. श्वास, मिनिटाला चोवीस. ती समोरच उभी होती, म्हटलं आण मनगट. नाडी निघाली शहात्तर. ती म्हणाली, "मॅडम, शहात्तर म्हणजे मी बरी आहे ना?" मी हो म्हटलं. "मग अठ्ठ्याऐंशी कसं लिहिलंय?" उद्धटपणे नाही विचारलं तिनं. गेलं वर्षभर मीच तिला सांगत आले आहे की, नाडी मोजल्याशिवाय लिहायची नाही. ती मला चूक दाखवत होती, जशी मी तिला दाखवते. थांबून राहिली, मी खोडेन म्हणून.

पेन बंद केलं.

डॉक्टर माझ्याशी बोलत नाहीत. शेवटचं म्हणाले, "तुमच्या एका सहीसाठी एकोणीस मुली बुडवताय. तुमचं काय, दीड वर्षात निवृत्त होऊन घरी बसाल." त्यात खोटं काही नाही. मुलींना मी आज सकाळी सांगितलं. कोणी रडलं नाही. अपेंडिक्सवाली म्हणाली, "मॅडम, मी कण्हायचा सराव केला होता." त्यांनी ओरडायला हवं होतं माझ्यावर. मी त्याची तयारी करून गेले होते.

व्हरांड्यावर पाटी लागली आहे. रविवारी पहिले पाहुणे येणार. महामंडळाचा व्यवस्थापक मंगळवारी माझ्याकडे येऊन गेला. चांगला माणूस आहे, बूट दाराबाहेर पुसून आत आला. त्याला खोल्यांसाठी दहा जणी हव्यात. म्हणाला, "बाई, तुमच्या मुली चादरी फार सुरेख घालतात म्हणे. सभागृहातसुद्धा कौतुक झालंय." एकोणीसपैकी नऊ जणींनी अर्ज भरले आहेत. शिट्टीचा दहावा. तिनं विचारलं, "तिथेही कोपरे आपल्यासारखेच मोडायचे का?" म्हटलं, चादर कुठेही घातली तरी कोपरा तोच. तिला बरं वाटलं असावं.

शाळेच्या सभागृहातल्या खाटा तशाच आहेत. डॉक्टरांनी काढायला सांगितल्या नाहीत, मीही नाही. मघाशी जाऊन आले. सवयीनं मुलींनी सकाळी चादरी बदलून ठेवल्या आहेत. अठ्ठावीस खाटा, अठ्ठावीस ताणलेल्या चादरी. पुढचं तुला माहीत आहे.

नोंदवहीत आजचा आकडा लिहिला, बहात्तर. त्याच्याखाली पाच थंड्यांचे आकडे वेगळ्या कागदावर ठेवले आहेत, समितीनं मागितले तर. मागणार नाहीत. तुझ्या १७ तारखेच्या प्रश्नाला काय उत्तर येणार, ते मलाही आता येतं. माहिती गोळा करण्यात येत आहे, असं म्हणतील. ते ऐकायला टेबलाशी तू नसशील, दुसरं कोणीतरी उतरवून घेईल आणि कार्ड करायला ते खाली तुझ्याकडेच येईल. कार्ड नीट कर. "नर्सिंग शिक्षण" खाली कर.

समिती उद्या दहाला येते, तीन जण. साडेअकरापर्यंत मोजून होईल. निकाल पंधरा दिवसांनी टपालानं येतो, पण अध्यक्ष जाताना दारात सांगून जातात, अशी पद्धत आहे. महामंडळाचे अर्ज उद्याच दुपारी बारापर्यंत घेणार आहेत. नऊ जणींनी दिले. शिट्टीनं आपला माझ्या टेबलाच्या खणात ठेवला आहे, सही करून, घडी घालून. मधल्या अर्ध्या तासात तो तिला परत द्यायचा की व्यवस्थापकाकडे पाठवायचा, हे मी तिला सांगायचं आहे.

ताई